'त्रास होतो' म्हणजे नेमकं काय होतं? संबंधाच्या वेळच्या दुखण्याचे शब्द

प्रश्न: नुकतंच लग्न झालंय. संबंधाच्या वेळी त्रास होतो पण डॉक्टरांसमोर 'त्रास' सोडून दुसरा शब्दच सुचेना. नेमकं काय म्हणायचं? आणि 'मी अजून तयार नाही' हे नवऱ्याला कसं सांगायचं, नुसतं 'नको' म्हटलं की तो गप्प गप्प होतो.

उत्तर: ताई, शब्द तुमच्याकडे आहेतच, ते फक्त या जागेबद्दल वापरायची आपल्याला सवय नाही. डोकं दुखलं की आपण ठणकतंय, सणक येते असं बरोबर सांगतो ना, तसंच इथेही सांगायचं.

'आग होते' म्हणालात तर डॉक्टर आधी कोरडेपणा, इन्फेक्शन, सुगंधी साबण किंवा वॉशची अ‍ॅलर्जी हे बघतील. बाळाला पाजणाऱ्या बाईला आणि पाळी जायच्या वयातही इस्ट्रोजेन हा हार्मोन कमी झाल्यामुळे असाच कोरडेपणा येतो, त्याचा प्रेम असण्या-नसण्याशी संबंध नाही. 'आत खोल कळ येते', त्यातून पाळीतही खूप दुखत असेल, तर एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं) किंवा ओटीपोटातली सूज तपासतात. आणि 'आत जातच नाही, तोंडाशीच अडतं' हे तर स्पष्ट सांगाच, कारण व्हजायनिस्मसमध्ये योनीभोवतीचे स्नायू आपोआप आवळले जातात, बाई मुद्दाम करत नाही, आणि म्हणूनच 'अंग सैल सोड' एवढं सांगून ते सुटत नाहीत. त्यावर उपचार आहेत, पेल्विक फ्लोअरची म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची फिजिओथेरपी, डायलेटर (योनीत हळूहळू घालायच्या लहान-मोठ्या गुळगुळीत नळ्या), समुपदेशन, आणि त्याने खरंच बरं वाटतं. कधीपासून, सुरुवातीलाच का नंतर ठणकत राहतं, रक्त जातं का, हेही सांगा.

'तयारी'चं म्हणाल तर मन आणि शरीर दोन्ही तयार लागतं, आणि दोन्ही एकाच वेळी होतील असं नाही. मनात इच्छा असूनही ओलावा यायला वेळ लागतो, आणि कधी ओलावा असतो पण मन नाही म्हणत असतं, अशा वेळी मनाचं ऐकायचं. नवऱ्याला म्हणा, 'आज जवळ झोपू, पण आत नको', 'थांब, दुखतंय', 'हळू'. त्याला काय चालेल हे कळलं की नकार अंगावर आल्यासारखा वाटत नाही. पण नुसतं 'नको' हेसुद्धा पूर्ण वाक्य आहे, त्याला कारण जोडायलाच पाहिजे असं काही नाही. नवऱ्यांनाही दडपण असतं, काहींना पुढची कातडी मागे सरत नाही म्हणून दुखतं आणि ते कोणाला सांगत नाहीत, तेव्हा त्यालाही विचारा.

आणखी एक प्रश्न: पण पहिल्या वेळी दुखणारच ना, पडदा फाटतो म्हणतात.

उत्तर: 'पडदा' हा शब्दच काढून टाकावा असं मला मनापासून वाटतं. दार बंद करणारं असं तिथे सहसा काही नसतं, असतं तर पाळी बाहेर कशी आली असती? कडेला पातळ त्वचेची घडी असते, प्रत्येकीची वेगळी, ताणली जाणारी. कित्येकींना पहिल्या वेळी रक्त जात नाही. त्यावरून कौमार्य कळत नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये कौमार्य चाचणी बंद करा असं सांगितलं आणि आपल्या सुप्रीम कोर्टाने 2022 मध्ये अत्याचारपीडितांची टू फिंगर टेस्ट, म्हणजे योनीत दोन बोटं घालून केलेली तपासणी, करणं हे गैरवर्तन ठरवलं. तरी आपल्याकडे अजून चादर बघणारी घरं आहेत, याचा फार संताप येतो. पहिल्यांदा थोडं ओढल्यासारखं होऊ शकतं, पण दात ओठ खाऊन सहन करायची गोष्ट नाही ती, थांबायचं.

मेडिकलमध्ये 'ल्युब्रिकंट जेल' म्हणूनच मागा, तोच शब्द चालतो. कंडोम वापरत असाल तर पाण्याचा बेस असलेलं घ्या, खोबरेल तेलाने लॅटेक्सचा कंडोम कमजोर होऊन फाटतो.

तुमच्या भागात बायका या दुखण्याला काय म्हणतात तेही लिहा, विदर्भ, कोकण, गोवा, कुठलंही. दवाखान्यात मराठी बोलणाऱ्या नर्सना ते शब्द माहीत असले तर फार उपयोग होईल.