पेट्रोल परवडेना, तुम्ही अपडाऊन कसं भागवताय? (अनुभव धागा)

परभणीकर:
सुरुवात मीच करतो. आपल्या परभणीत पेट्रोल बऱ्याचदा राज्यात महागात महाग असतं, त्याचं कारण इथं पोरासोरांनाही पाठ आहे. टँकर मनमाडजवळच्या पानेवाडीहून येतो, म्हणजे तीनशे किलोमीटरच्या आसपास, आणि ते भाडं लिटरमागं आपल्याच माथी बसतं. २०२१ ला साधं पेट्रोल शंभरीपार गेलं, २०२२ च्या एप्रिलात १२० च्या वर. मग मे महिन्यात केंद्रानं एक्साइज ८ रुपयांनी उतरवली, जुलैत राज्यानं व्हॅट ५ रुपयांनी, तेवढाच काय तो मोठा दिलासा. शंभराच्या खाली ते काही परत आलं नाही.

भाव कमी झालाच पाहिजे, त्यात वाद नाही. पण मला जास्त त्रास याचा होतो की गाडीला किक मारल्याशिवाय आपल्या माणसाला कामाला जाता येत नाही, शाळेत जाता येत नाही, दवाखान्यात जाता येत नाही. पंपावर भाव वाढला की घरातलं तेल-साखर कमी करायची पण टाकी रिकामी ठेवायची सोय नाही. म्हणून विचारतोय, ज्यांनी गाडी कमी केली त्यांनी कशी केली आणि ज्यांना जमत नाही त्यांचं कुठं अडतंय ते लिहा. रूट, टायमिंग, खर्च लिहिला तर दुसऱ्याच्या कामी येईल.

जालन्याहून:
आम्ही चौघं एका गाडीत जातो. जालना ते संभाजीनगर ६० किमी, येऊन-जाऊन १२०, गाडी हायवेला १५ चं ॲव्हरेज देते म्हणजे रोज ८ लिटर, एकट्यानं नेली तर आठशेच्या वरच गेले समजा. चौघांत ते दोनशे-सव्वादोनशेवर येतं. एक आठवडा एकाची गाडी, पुढचा आठवडा दुसऱ्याची, ज्याची गाडी त्यानंच पेट्रोल टाकायचं, त्यामुळं पैशावरून कधी तोंड वाजत नाही. आणि पाच मिनिटांच्या वर कुणासाठी थांबायचं नाही हे आधीच ठरलेलं, ते फार गरजेचं आहे बरं का.

खरं स्वस्त तर रेल्वेच. एमएसटी काढली तर महिन्याचा पास गाडीच्या एका दिवसाच्या पेट्रोलपेक्षा कमी पैशात येतो! पण सिंगल लाइन, क्रॉसिंगला गाडी उभी राहिली की ऑफिसात लेट मार्क लागलाच. दुहेरी लाइन झाली तर हायवेवरच्या निम्म्या गाड्या कमी होतील असं माझं प्रामाणिक मत आहे.

गेवराईकडची शिक्षिका:
माझी शाळा हायवे सोडून ११ किमी आत. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा आमच्या स्टाफमधल्या तिघींनी स्कूटी बंद केली, मीही केली. जानेवारी २०२५ ला तिकीट १५ टक्क्यांच्या आसपास वाढलं तरी अर्ध्या तिकिटात परवडतंच. अडचण फाट्यावर येते. फाट्यापर्यंत एसटी मिळते आणि तिथून पुढं टमटम, तो सीट भरल्याशिवाय हलत नाही आणि सकाळी साडेनऊला फाट्यावर सीट कुठून भरणार? शेवटी आम्हीच गावातल्या एका रिक्षावाल्या दादांशी महिन्याचे पैसे ठरवले, सकाळी पाच बाया आणि दुपारी त्याच पाच. त्यांचीही रोजची वाट बघायची चिंता गेली. पावसाळ्यात रस्ता उखडला की मात्र ते येत नाहीत आणि मग चिखलातून चालत जावं लागतं, हातात चपला घेऊन.

वाळूज, सेकंड शिफ्ट:
पर्मनंट लोकांना कंपनीची बस आहे, आम्ही कॉन्ट्रॅक्टवाले, आम्हाला नाही. सेकंड शिफ्ट सुटते रात्री, त्या टायमाला संभाजीनगर शहराकडं सिटी बस मिळत नाही. २०१९ ला स्मार्ट सिटीच्या बस सुरू झाल्या, दिवसा फार चांगल्या आहेत, मी सुट्टीच्या दिवशी घरच्यांना घेऊन त्यातच जातो. पण एमआयडीसीचा माणूस शिफ्टवर चालतो त्याला बसही शिफ्टवर पाहिजे ना. रात्री शेअर रिक्षावाला दुप्पट मागतो, बसायचं कसं तर एक पाय बाहेर. म्हणून बाईक. पगार तेराच्या आत आणि त्यातले अडीच-तीन हजार टाकीत. दुसरा काही मार्ग असता तर उद्यापासून बाईक विकली असती.

लातूरहून:
दादा, तुमचं वाचून वाईट वाटलं. माझं शहरातल्या शहरात काम आहे, औषधाच्या ऑर्डरी घेत दिवसभर फिरतो. इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. रात्रीतून तीनेक युनिट जातात आणि सत्तर-पंच्याहत्तर किमी आरामात होतं, म्हणजे वीस-तीस रुपयांत दिवस निघतो. पेट्रोलच्या गाडीला दीडशे लागायचे. पण औसा, निलंग्याच्या ऑर्डरी आल्या की एसटीनंच जायलोय, कारण वाटेत चार्जिंगचा भरवसा नाही. एप्रिल-मेच्या उन्हात उभी गाडी तापलेली असते, लगेच चार्जिंगला लावू नका, तासभर सावलीत थंड होऊ द्या. फ्लॅटवाल्यांनी आधी पार्किंगमधे पॉइंट मिळतो का बघावं, मग बुकिंग करावं.

हिंगोली जिल्हा, शेतकरी:
माझी पोरगी नववीत आहे. गावाला सरकारच्या मानव विकास योजनेची निळी बस येते, पोरींना पास फुकट. ती बस नसती तर खरं सांगतो आमच्या गावातल्या निम्म्या पोरींची शाळा सातवीलाच सुटली असती. पण शाळेला सुट्टी म्हणलं की बस बंद. रविवारी, दिवाळीत, उन्हाळ्यात गावाला गाडीच नाही. त्या दिवसांत खताच्या एका पावतीसाठी सुद्धा मोटरसायकल काढावी लागते आणि ज्याच्याकडं ती नाही त्यानं शेजाऱ्याला दादा-बाबा करायचं.

आधी आमच्याकडं मुक्कामी गाडी होती. रात्री यायची, ड्रायव्हर-कंडक्टर मारुतीच्या पारावर झोपायचे, कुणाच्या तरी घरून भाकरी जायची आणि पहाटे तीच गाडी तालुक्याला निघायची. दूधवाले, भाजीवाल्या बाया, कोर्टाची तारीख असलेली माणसं सगळी त्यातच. ती बंद झाली आणि दोन वर्षांत गावात फायनान्सच्या मोटरसायकली उभ्या राहिल्या. हप्ता वेगळा, पेट्रोल वेगळं. लोक म्हणतात आता गावोगावी गाड्या आल्या, पैसा आला. पैसा नाही आला हो, बस गेली.

नांदेड:
काकांची शेवटची ओळ वाचून गप्पच झालो. माझी आई ७५ च्या पुढची, एसटीत तिला फुकट, ती कंधारहून एकटी येते डोळे दाखवायला. दुपारपर्यंत डॉक्टरचं झालं तर परतीची गाडी मिळते. उशीर झाला की गाडी सांगावी लागते, त्याचं भाडं तपासणी फीच्या कितीतरी वर.

उदगीर:
आम्ही दूधवाले. कॅन घेऊन बसची वाट बघणं जमत नाही, दूध नासतं. आधी तिघं तीन मोटरसायकलवर जायचो, आता मिळून एक छोटा हत्ती टेम्पो लावलाय. चालकाचे आणि डिझेलचे पैसे लिटरच्या हिशोबानं वाटून घेतो. एवढंच.

सायकलवाला, नांदेड:
शहरातल्या शहरात सहा किमीला सायकल पुरते. ऑफिसात स्टँडच्या सावलीसाठी अर्ज दिला, तोवर लिंबाखाली लावतो. रिंग रोडला मात्र भीती वाटते, ट्रक अंगावर येतात, कडेला दोन फूट जागा आखून दिली तरी बरीच पोरं सायकलवर येतील.

बीडकर:
आमच्याकडं रेल्वे आली बघा, १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, बीड ते अहिल्यानगर. आमच्या आज्यापासून ऐकत आलो होतो. गाड्या वाढल्या, टायमिंग नोकरीवाल्यांच्या सोयीचं झालं आणि पुढं परळीपर्यंत लाइन पुरी झाली तर खासगी ट्रॅव्हल्सच्या सणासुदीच्या भाड्यातून सुटका होईल.

परभणीकर:
सगळ्यांचे आभार. हिंगोलीच्या काका, मुक्कामी गाडीसाठी डेपो मॅनेजरच्या नावानं अर्ज करा, सोबत ग्रामपंचायतीचा ठराव आणि रोज जाणाऱ्या माणसांची, शाळेच्या पोरींची यादी जोडा. आमच्या शेजारच्या गावानं असंच केलं आणि सकाळची एक फेरी परत मिळवली, संध्याकाळच्या फेरीसाठी अजून मागं लागलेत. वाळूजच्या भावांनीही शिफ्टच्या टायमासकट सह्या गोळा कराव्यात, अर्जाचा मसुदा मी करून देतो.

मंठ्याची:
धागा आजच वाचला. मंठ्याहून परतूर स्टेशनला सकाळी साडेसातपर्यंत पोचायला काही आहे का? आम्ही दोघी आहोत, अजून दोघं-तिघं मिळाले तर गेवराईच्या ताईंसारखी रिक्षा महिन्यानं ठरवता येईल. कुणी त्या बाजूनं जात असेल तर इथंच कळवा.