ओबामांचं नोबेल: मुत्सद्देगिरीचा सूर बदलला, एवढ्यावर शांतता पुरस्कार द्यावा का?

पारावरचा

ऑक्टोबर आला की ओस्लोच्या, म्हणजे शांततेचं नोबेल देणाऱ्या समितीच्या, नावाने बोटं मोडण्याचा हंगाम सुरू होतो आणि त्यात २००९ चा दाखला हमखास निघतो. ओबामांना काहीही न करता नोबेल मिळालं, हे ट्रम्पही म्हणतात आणि ट्रम्पना नावं ठेवणारेही म्हणतात. मला ते पटत नाही.

आधी घटनाक्रम. ओबामांनी शपथ घेतली २० जानेवारी २००९ ला. त्या वर्षीच्या पुरस्कारासाठी नावं सुचवायची मुदत १ फेब्रुवारीला संपली. म्हणजे शिफारस झाली तेव्हा गडी व्हाइट हाउसमध्ये जेमतेम स्थिरावत होता. टवाळी होते ती इथेच. पण निर्णय काही फेब्रुवारीत होत नाही. घोषणा झाली ९ ऑक्टोबरला. मधल्या आठ महिन्यांत काय घडलं? मार्चमध्ये नवरोजच्या शुभेच्छा देताना त्यांनी 'इराणचं इस्लामी प्रजासत्ताक' हे अधिकृत नाव घेऊन थेट तिथल्या राज्यकर्त्यांना उद्देशून बोलणं केलं. ५ एप्रिलला प्रागमध्ये अण्वस्त्रमुक्त जगाचं भाषण, ४ जूनला कैरोत मुस्लिम जगाला उद्देशून भाषण. सप्टेंबरमध्ये पोलंड-चेकमधली बुशकालीन क्षेपणास्त्र-कवचाची योजना रद्द केली. २४ सप्टेंबरला सुरक्षा परिषदेच्या बैठकीचं अध्यक्षपद स्वतः घेतलं, आजवर कुठल्याच अमेरिकी अध्यक्षाने ते केलं नव्हतं, आणि अण्वस्त्रप्रसाराविरुद्धचा ठराव १८८७ एकमताने संमत करून घेतला.

हे सगळं कशाच्या पाठीवर? बुश यांचं २००२ चं 'दुष्टांची आघाडी' भाषण, २००३ मध्ये सुरक्षा परिषदेला बाजूला सारून इराकवर केलेली स्वारी, आणि शत्रूशी बोलणं म्हणजे त्याला बक्षीस देणं ही ठाम समजूत. समितीने मान दिला तो या समजुतीपासून फारकत घेण्याला.

आणि अर्ध्या वाटेवर पुरस्कार देणं नवीन नाही. पश्चिम जर्मनीचे चान्सलर विली ब्रांट यांना १९७१ मध्ये मिळाला तेव्हा सोव्हिएत संघ आणि पोलंडशी केलेल्या मॉस्को आणि वॉर्सा करारांना त्यांच्याच संसदेची मंजुरी मिळालेली नव्हती, ती मे १९७२ मध्ये मिळाली. इजिप्तचे सादात आणि इस्रायलचे बेगिन यांचा पुरस्कार १९७८ चा, इजिप्त-इस्रायल शांतता करार २६ मार्च १९७९ चा. तेव्हा कोणी 'आगाऊ' म्हणालं असेल, पण आज ते दोन्ही पुरस्कार चुकीचे होते असं किती जण म्हणतात?

खडीसाखर

लेख आवडला, पण दाखले तुमच्याच विरोधात साक्ष देतायत.

सादात नोव्हेंबर १९७७ मध्ये जेरुसलेमला गेले, ज्या देशाला ते मान्यताच देत नव्हते त्याच्या संसदेत उभे राहून बोलले. त्यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी, इस्माईल फहमी यांनी, त्यापायी राजीनामा दिला. पुढचे परराष्ट्रमंत्री कॅम्प डेव्हिडमध्येच राजीनामा देऊन मोकळे झाले. अरब लीगने इजिप्तला बाहेर काढलं. ६ ऑक्टोबर १९८१ ला संचलन पाहत असताना सादातना गोळ्या घातल्या. ब्रांट यांचं घ्या. वॉर्सात ज्यूंच्या स्मारकापुढे गुडघे टेकले, तर मायदेशात निम्मे लोक म्हणाले हे जरा अतीच झालं. त्यांच्या आघाडीचे खासदार एकेक करून पलीकडे गेले. एप्रिल १९७२ मध्ये अविश्वास ठरावाला २४९ मतं हवी होती, विरोधकांना मिळाली २४७. दोन मतांनी सरकार वाचलं.

आता सांगा, कैरोच्या भाषणाने ओबामांनी काय पणाला लावलं? बुश नको म्हणून जग टाळ्या वाजवायला बसलेलंच होतं. घरच्या मतदारांनीही त्यांना त्याच आश्वासनावर निवडून दिलं होतं. आपल्याच माणसांच्या शिव्या खाऊन जो धोरण वळवतो, तो मुत्सद्देगिरी बदलतो. बाकीचे सूर बदलतात.

निद्रानाश

१ डिसेंबरला अफगाणिस्तानात ३० हजार जादा सैनिक पाठवायची घोषणा. १० डिसेंबरला शांततेचं पदक. चालू द्या.

पारावरचा

@निद्रानाश, ओस्लोचं भाषण वाचा. त्यात ते लपवलेलं नाही. दोन युद्धं लढणाऱ्या देशाचा मी सरसेनापती आहे, इथून सुरुवात करून युद्ध कधी न्याय्य असू शकतं यावरच अर्धं भाषण आहे. श्वाइट्झर, किंग, मार्शल, मंडेला यांच्यापुढे आपलं काम किरकोळ आहे, हेही त्यांनीच त्या व्यासपीठावर सांगितलं. पदक घेताना इतकं अडचणीचं बोलणारा माणूस विरळा.

@खडीसाखर, किंमत मोजण्याचा मुद्दा वजनदार आहे. पण मग पुरस्कार हौतात्म्याचा ठरतो. सादात वाचले असते तर कमी लायक ठरले असते का?

खडीसाखर

नाही. गोळी लागली म्हणून लायक असं मी म्हटलेलं नाही, पुरस्कार आधीचा आहे. जेरुसलेमच्या विमानात बसले तेव्हाच जोखीम घेऊन झाली होती.

ताम्रपट

दोघंही ओबामांवर बोलताय, समितीवर कोणी बोलत नाही. पाच माणसं, नॉर्वेच्या संसदेने नेमलेली. त्या वर्षी अध्यक्ष होते टॉर्ब्यॉर्न यागलान, माजी पंतप्रधान. म्हणजे मुरलेले राजकारणी. २००२ ला जिमी कार्टर, इराक युद्धाच्या तोंडावर, आणि तेव्हाच्या समिती-अध्यक्षांनी हा बुश सरकारवरचा शेरा आहे हे उघड सांगितलेलं. २००५ ला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख एल बरादेई, ज्यांनी इराकमधल्या अण्वस्त्रांबद्दलचे अमेरिकेचे दावे मान्य केले नव्हते. २००७ ला अल गोर, बुश यांच्याकडून हरलेले. २००९ ला ओबामा. ही माळ ओवलेली दिसत नसेल तर चष्मा बदला. पुरस्कार ओबामांना नव्हता, अमेरिकी मतदारांच्या पाठीवर थाप होती.

आणि तेव्हाचे समितीचे सचिव गेइर लुन्डेस्टाड यांनी २०१५ मध्ये आठवणी लिहिल्या, त्यात समितीला जे साधायचं होतं ते या पुरस्काराने साधलं नाही असं म्हटलंय. घरचाच आहेर.

अवांतर: गांधीजींना का दिलं नाही हे कोणी विचारायच्या आत सांगतो. पाच वेळा शिफारस झाली, शेवटची १९४८ ला, आणि त्या वर्षी योग्य अशी हयात व्यक्ती नाही म्हणून कोणालाच दिला नाही. झालं. आता मूळ विषयावर राहू या.

चष्मिष्ट

माझं मत तिसरंच. माणूस बरोबर, साल चूक.

२०१५ पाहा. १४ जुलैला व्हिएन्नात इराणशी अणुकरार. समृद्ध युरेनियमचा साठा सुमारे १० हजार किलोंवरून ३०० किलोंवर आणायचा, तोही ३.६७ टक्क्यांपेक्षा जास्त समृद्ध नाही. युरेनियम समृद्ध करणारी यंत्रं, सेंट्रिफ्यूज, १९ हजारांच्या आसपास होती, ती ६,१०४ वर. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक आत. एक बॉम्ब न टाकता. त्याच महिन्यात २० तारखेला क्यूबाशी तुटलेले राजनैतिक संबंध अर्धशतकानंतर पुन्हा जुळले, दोन्हीकडे दूतावास उघडले. आणि @खडीसाखर, तुमची किंमत मोजण्याची कसोटी इथे लागू होते: अमेरिकी संसदेत इराण करारावरून काय रण माजलं होतं आठवा. नेतान्याहूंनी तिथे येऊन, ओबामांना न जुमानता, विरोधात भाषण ठोकलं.

त्या वर्षीचं नोबेल ट्युनिशियातल्या चार संघटनांच्या संवाद-गटाला मिळालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण ओबामांना आधीच देऊन बसल्यामुळे इराण कराराच्या वेळी समितीचे हात बांधलेले असणार असं मला कायम वाटतं.

खडीसाखर

इराण करार आवडता आहेच माझा, पण त्याचं पुढे काय झालं? तो सेनेटने मंजूर केलेला तह नव्हता. ८ मे २०१८ ला ट्रम्प यांनी सही करून अमेरिका बाहेर काढली. क्यूबाला २०१५ मध्ये दहशतवाद-पुरस्कर्त्या देशांच्या यादीतून काढलं होतं, जानेवारी २०२१ मध्ये परत घातलं. आणि टिकलं काय जास्त? न्यू स्टार्ट, रशियासोबतचा अण्वस्त्रकपातीचा करार. ८ एप्रिल २०१० ला प्रागमध्ये रशियाचे तेव्हाचे अध्यक्ष मेद्वेदेव यांच्यासोबत सही, प्रत्येकी १,५५० तैनात अण्वस्त्रांची मर्यादा. सेनेटमध्ये ७१ विरुद्ध २६ मतांनी मंजुरी. ट्रम्प यांची पहिली कारकीर्द ओलांडून २०२१ मध्ये त्याला पाच वर्षांची मुदतवाढ मिळाली.

यातली गंमत बघा. ती ७१ मतं मिळवायला ओबामांनी अण्वस्त्र यंत्रणेच्या आधुनिकीकरणासाठी दहा वर्षांत ८५ अब्ज डॉलर कबूल केले. प्रागमध्ये अण्वस्त्रमुक्त जगाची हाक देणाऱ्यानेच. मला हे नावं ठेवायला सांगायचं नाही. खरी मुत्सद्देगिरी अशीच असते, अर्धी परराष्ट्राशी आणि अर्धी आपल्याच विरोधी बाकांशी. फक्त २००९ च्या ऑक्टोबरपर्यंत यातलं काहीच झालेलं नव्हतं.

पारावरचा

टिकलं तरच लायक? मग नोबेलविजेते गोर्बाचेव्ह यांचं काय? रेगन यांच्यासोबत १९८७ मध्ये केलेला मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा करार २ ऑगस्ट २०१९ ला संपला. फ्रान्सचे ब्रियाँ आणि जर्मनीचे श्ट्रेसमान यांना लोकार्नो करारासाठी १९२६ मध्ये मिळाला, आणि मार्च १९३६ मध्ये तो करार मोडून हिटलरचं सैन्य ऱ्हाइनलँडमध्ये शिरलं. पुढच्या माणसाने केलेल्या मोडतोडीचं बिल आधीच्याच्या नावावर कसं फाडता?

निद्रानाश

साधा नियम करा. खुर्चीत असलेल्या माणसाला द्यायचंच नाही. इथिओपियाचे आबी अहमद. एरिट्रियाशी समेट केला म्हणून २०१९ ला नोबेल, नोव्हेंबर २०२० मध्ये आपल्याच देशाच्या टिग्रे प्रांतात युद्ध, आणि त्यात तोच एरिट्रिया त्यांच्या बाजूने! जानेवारी २०२२ मध्ये समितीला जाहीर सांगावं लागलं की पंतप्रधान आणि पुरस्कारविजेते म्हणून युद्ध थांबवायची खास जबाबदारी त्यांची आहे. परत घ्यायची तर सोयच नाही नियमात. सत्ताधाऱ्याला पदक म्हणजे ढाल.

चष्मिष्ट

तुमच्या नियमाने सांतोसही बाद होतात. कोलंबियात २ ऑक्टोबर २०१६ ला फार्क बंडखोरांशी केलेला करार जनमतात निसटत्या फरकाने हरला. ७ ऑक्टोबरला नोबेल जाहीर झालं, खुर्चीत असलेल्या आणि पाचच दिवसांपूर्वी तोंडघशी पडलेल्या राष्ट्राध्यक्षांना. नोव्हेंबरमध्ये सुधारलेला करार झाला. पुरस्कारानेच झाला असं नाही म्हणणार, पण ऐन वेळी बळ मिळालंच.

आणि खुर्ची सुटेपर्यंत थांबण्याचा हिशेब कार्टरना विचारा. सादात आणि बेगिन यांना कॅम्प डेव्हिडमध्ये तेरा दिवस धरून बसवलं त्यांनी, १९७८ चं नोबेल मात्र त्या दोघांना. कारण काय, तर कार्टर यांची शिफारस मुदतीत आलीच नव्हती. २४ वर्षांनी मिळालं. ओबामांच्या शिफारशीला बारा दिवस पुरले.

खडीसाखर

सांतोस बिनशर्त मान्य. हरलेल्या मतदानानंतर ते चर्चेच्या टेबलावर परत गेले. २००९ मधले ओबामा टेबलावर बसलेलेच नव्हते, व्यासपीठावर होते.

पारावरचा

बसले होते. १ एप्रिल २००९ ला लंडनमध्ये मेद्वेदेव भेट, तिथे नव्या अण्वस्त्र कराराची बोलणी सुरू करायचं ठरलं. ६ जुलैला मॉस्कोत दोघांनी सह्या केलेल्या सामंजस्य दस्तऐवजात अण्वस्त्रांचा आकडा १,५०० ते १,६७५ च्या दरम्यान आणायचा असं लिहिलंय. घोषणेच्या तीन महिने आधी. न्यू स्टार्टचा १,५५० हा आकडा त्याच चौकटीतला.

खडीसाखर

हे तुमचं सगळ्यात भक्कम प्रमाण, आणि ते मूळ लेखात नाही, तिथे भाषणांची यादी आहे! तरी विचारतो, एप्रिल २०१० मध्ये सही होणारच होती, तर ऑक्टोबर २०१० पर्यंत थांबले असते तर काय बिघडलं असतं?

पारावरचा

२०१० चं नोबेल ल्यू शियाओबो यांना मिळालं. चीनच्या तुरुंगात होते, ओस्लोत खुर्ची रिकामी ठेवली होती. त्यांना वगळायचं?

खडीसाखर

अजिबात नाही. मग २०११.

पारावरचा

२०११ च्या मार्चमध्ये लिबियावर बॉम्बफेक सुरू झाली. म्हणजे द्यायचंच नाही, असं म्हणा की सरळ.

निद्रानाश

पहिल्यापासून दुसरं काय म्हणतोय मी?