गिझर लावला की आरसीसीबी पडतो, पण गिझर तर ठणठणीत आहे

पक्कडवाला:
नमस्कार मंडळी. मी रिटायर्ड रिपेअरवाला, पंखे, मिक्सर, पंप, मोटार वाइंडिंग यात आयुष्य गेलं. दोन वर्षांपूर्वी दुकान बंद केलं आणि सगळी हत्यारं घरात मागच्या खोलीत मांडली, लोखंडी बाकडं, वाइस, ग्राइंडर, सिरीज बोर्ड (वस्तू बल्बमागे जोडून तपासायची फळी) सगळं आहे, घरातलं कुठलंही काम मीच करतो. तीन महिन्यांपूर्वी मुलाने नवा डीबी (घरातल्या सगळ्या सर्किटांची स्विचपेटी) बसवून घेतला, त्यात ३० मिलिअँपचा आरसीसीबी आहे, म्हणजे करंट कुठे निसटला (लीकेज) की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच. तेव्हापासून गिझर लावला की पाच-दहा सेकंदांत आरसीसीबी पडतो, कधी कधी पडतही नाही. एमसीबी (ओव्हरलोड किंवा शॉर्ट झाला की पडणारा स्विच) पडत नाही. मी गिझर उघडला, एलिमेंट (पाणी तापवणारी नळी) बदलला, तरी तेच. मग दुसरा एलिमेंट आणला तरी तेच! सिरीज बोर्डवर गिझरची बॉडी आणि फेज (वीज येणारी तार) लावून पाहिलं, बल्ब जरासुद्धा लागत नाही म्हणजे लीकेज नाही ना? इतकी वर्षं याच बल्बवर विश्वास ठेवून काम केलंय. हल्ली शेजारीही त्यांच्या वस्तू घेऊन येतात आणि माझ्याच घरातला फॉल्ट मला सापडत नाही, याने झोप लागत नाही. कुणी नीट सांगेल का?

घरचा_मिस्त्री:
काका, आमच्याकडेही असंच व्हायचं, शेवटी इलेक्ट्रिशियनने आरसीसीबी बायपास करून दिला, तेव्हापासून काही त्रास नाही. किंवा १०० मिलिअँपचा टाका, तो एवढा नाजूक नसतो.

तारेवरची_ताई:
वरचा सल्ला कृपया कुणीही पाळू नका. ३० मिलिअँप हा आकडा माणसाचा जीव वाचावा म्हणून आहे, १०० आणि ३००वाले मुख्यतः आगीपासून बचावासाठी असतात, माणसाला शॉक बसला तर ते वेळेत पडतीलच असं नाही. आणि गिझर म्हणजे पाणी आणि वीज एकत्र, तिथे तरी बायपास नकोच नको. (दादा, तुमच्या घरचाही आधी परत जोडून घ्या.)

काका, आता तुमच्या बल्बबद्दल. ६० वॅटचा बल्ब २३० व्होल्टवर साधारण पाव अँपिअर घेतो. ३० मिलिअँप म्हणजे त्याच्या आठव्या भागाच्या आसपास, एवढ्यात फिलामेंट लालसुद्धा होत नाही. सिरीज बोर्ड शॉर्ट सांगतो, वाइंडिंग चालू आहे का ते सांगतो, पण ३० मिलिअँपचं लीकेज तो सांगूच शकत नाही. ही तुमची चूक नाही, तुम्ही काम सुरू केलं तेव्हा घरात आरसीसीबी फारसे नसायचेच. मल्टिमीटरही कधी कधी फसवतो, कारण तो दोन-चार व्होल्टवर मोजतो. ५०० व्होल्टचा मेगर (जास्त व्होल्ट देऊन इन्सुलेशन तपासणारा मीटर) मिळाला तर त्याची एक तार एलिमेंटच्या टोकाला आणि दुसरी बॉडीला लावून बघा, आकडा एक मेगओमच्या खाली आला तर संशय घ्या. एलिमेंटच्या नळीत मॅग्नेशियम ऑक्साइडची पावडर असते, ती ओलावा ओढते, खूप दिवस पडून राहिलेला नवा एलिमेंटसुद्धा त्यामुळे लीक दाखवू शकतो.

पक्कडवाला:
ताई, बल्बचं हे गणित कधी मनातच आलं नाही. मेगर मित्राकडून आणला. एलिमेंट २० मेगओमच्या वर दाखवतो. मग आता?

डीबी_उघडा:
मग गिझर बहुधा निर्दोष आहे. दुसऱ्या प्लगवर इस्त्री लावून बघा, गिझरचा प्लग काढून ठेवून. इस्त्रीवरही पडला तर तुमच्याकडे बहुधा कुठेतरी न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) आणि अर्थ (जमिनीला जोडलेली सुरक्षेची तार) चिकटलेत. हा फॉल्ट फार फसवा आहे, नीट वाचा. आरसीसीबी फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांचा फरक बघतो. न्यूट्रल कुठे अर्थला लागला असेल तर परतीचा करंट दोन वाटांनी जातो, थोडा अर्थमधून निसटतो. छोटा लोड असताना निसटणारा करंटही छोटा, म्हणून काही होत नाही, मोठा लोड आला की निसटणारा भागही वाढतो आणि आरसीसीबी पडतो. म्हणून सगळ्यांचा संशय गिझरवर जातो आणि चोर दुसऱ्याच खोलीत असतो.

आणखी एक, फॉल्ट असलेल्या वस्तूचं बटण बंद असलं तरी आरसीसीबी पडतो, कारण साधं बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. त्यामुळे बटणं बंद करून शोधत बसू नका, प्लग काढा. मेन आणि आरसीसीबी बंद करा, टेस्टरने खात्री करा, मग डीबीतल्या न्यूट्रल बारपासून (सगळे न्यूट्रल जोडलेली पट्टी) एकेक सर्किटचा न्यूट्रल सोडवून मीटरने अर्थशी बघा. ज्या तारेला काही ओम दाखवेल ते सर्किट तुमचं. वय झालंय, हात थरथरत असतील तर सोबतीला कुणाला तरी घ्या, एकट्याने डीबीत हात घालू नका.

पक्कडवाला:
सापडला! इस्त्रीवरही पडला, तिथेच कळलं. मुलाला सोबत घेऊन एकेक न्यूट्रल सोडवला, चौथ्या तारेवर मीटर ३ ओम दाखवायला लागला आणि ती तार माझ्या मागच्या खोलीची निघाली. बाकड्याच्या बोर्डाकडे जाणारी वायर मीच क्लिप मारून फ्रेमच्या कडेवरून नेली होती, ग्राइंडरच्या थरथरीने कडेवर घासून इन्सुलेशन कापलं गेलं होतं, न्यूट्रलचं तांबं सरळ फ्रेमला लागत होतं आणि फ्रेमला अर्थिंग आहेच. म्हणजे दोन वर्षं हे असंच चालू होतं, जुन्या डीबीत नुसता एमसीबी होता त्याला हे कळणारच नव्हतं. फेजची वायर घासली असती तर? हा विचार करून अंगावर काटा आला, नातवंडं त्या बाकड्याला टेकून बसतात.

आता वायर काढून पाइपमधून घेतली, फ्रेमला छिद्र पाडलं तिथे रबरी ग्रोमेट (वायर कडेला घासू नये म्हणून छिद्रात बसवायची कडी) टाकलं. गिझर दोन दिवस सलग चालतोय, आरसीसीबी हललाही नाही.

तारेवरची_ताई:
वा काका, जीव भांड्यात पडला. आरसीसीबीवरचं टी लिहिलेलं बटण अधूनमधून दाबून बघत जा, पडला नाही तर बदला.

पक्कडवाला:
दाबला, लगेच पडला. मेगर मित्राला परत द्यायचाय, त्याआधी शेजाऱ्यांच्या दुरुस्त केलेल्या वस्तू परत बोलावून तपासतोय, त्यात एक पंप ०.३ मेगओम दाखवतोय, तो आज खोलून वाळवायला ठेवला.