फक्त खायला म्हणून मुंबईला जावं का?

विश्रामबागकर :
मागच्या शुक्रवारी रात्री मी आणि माझी कॉलेजपासूनची मैत्रीण महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला गेलो. लग्न नव्हतं, दवाखाना नव्हता, कुणाच्या पोराची ॲडमिशन नव्हती. दोन दिवस नुसतं खायचं, एवढंच ठरलेलं. परत आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "खायला एवढ्या लांब? सांगलीत काय दुष्काळ पडलाय?" घरात वाद झाला, तोच इथं मांडते. माझं मत आहे, जावं. वर्षातून एकदा तरी.

शनिवारी सकाळी सीएसएमटीला उतरून चालतच धोबी तलावला कयानीत गेलो. १९०४ सालचं इराणी हॉटेल. ब्रून मस्का चहात बुडवून खाताना मैत्रीण म्हणाली, हा पाव आपल्या बेकरीत मिळतो, पण असा लागत नाही. लागणार कसा? इराणातून आलेल्या माणसांनी ही हॉटेलं थाटली आणि शहराला सकाळी बाहेर बसून चहा प्यायची सवय लावली. ती जागाही त्या चवीत असते. दुपारी माटुंग्याला रामा नायक यांच्या उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंगमध्ये केळीच्या पानावर जेवलो. हे १९४२ पासूनचं. रविवारी माटुंग्यातच राम आश्रय हॉटेलात उपमा आणि शिरा, मग दादरला साबुदाणा वडा आणि पियूष.

माझ्या मैत्रिणीकडे सात वर्षं अंथरुणाला खिळलेले सासरे आहेत. पानावर सांबार वाढणारा तिसऱ्यांदा आला तेव्हा तिचे डोळे भरून आले. "आयतं कुणी वाढलंच नव्हतं गं," म्हणाली.

हरिपूरकर :
ताई, तुमच्या मैत्रिणीबद्दल वाचून वाईट वाटलं. पण तुमचं मत पटलं नाही. आयतं ताट मिळायला मुंबई कशाला पाहिजे? ते घरात मिळालं पाहिजे. घरातल्या पुरुषांनी आठवड्यातून दोन दिवस चूल सांभाळली तर बाईला चारशे किलोमीटर जावं लागणार नाही. मी रविवारी भाकरी थापतो. पहिल्या वर्षी जाड व्हायच्या, आता पोरं माझ्याच मागतात.

दुसरं म्हणजे, दोन दिवसांत इतक्या ठिकाणी खाल्लं की जिभेवर काय राहतं? आपल्या सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवायची जमिनीखालची पेवं होती, कितीजणांनी ती पाहिलीत? कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत आणि ज्वारीची भाकरी कृष्णा-वारणेच्या संगमावर बसून कधी खाल्ली? आधी आपलं खा, मग दुसऱ्याचं.

साताऱ्याची :
हरिपूरकर दादा, भाकरीबद्दल शंभर टक्के. बाकी नाही. कंदी पेढा आता कुठंही मिळतो. पण खवा खरपूस भाजल्याचा वास आमच्या पेठेत येतो तसा दुसरीकडं येत नाही, म्हणून लोक साताऱ्याला येऊन घेतात. तुमच्या हिशोबानं त्यांनीही घरीच बसावं का? 'आपलं' आणि 'दुसऱ्याचं' अशी भिंत खाण्यात नको.

दादरला राहणारी सांगलीकर :
मला दोन्ही बाजू अर्ध्या पटतात. इथं येऊन वीस वर्षं झाली. गेल्या महिन्यात माहेरची माणसं आली, त्यांना एका नावाजलेल्या ठिकाणी रविवारी घेऊन गेले. दीड तास उन्हात रांग, आणि आत बसल्यावर उठा उठा म्हणून वेटर डोक्याशी उभा. माझ्या आईचं जेवण गेलंच नाही. तेव्हा यायचं तर जरूर या, पण एकच भाग धरा. नुसतं माटुंगा घ्या. दक्षिणेकडून आलेली माणसं तिथं राहिली म्हणून तिथल्या गल्ल्यांत सकाळी फुलं, फिल्टर कॉफी आणि केळीची पानं एका ओळीत दिसतात. हे सावकाश चालल्याशिवाय कळत नाही. धोबी तलाव पुढच्या खेपेला.

विश्रामबागकर :
माटुंग्याचं बरोबर आहे, आम्ही रविवारी धावलोच. पियूषचा ग्लास हातात आणि नजर घड्याळावर, असं झालं.

पण हरिपूरकर दादा, एक सांगते. घरात कुणी आयतं वाढलं तरी बाईचा कान कुकरच्या शिट्टीकडं असतो. माझी मैत्रीण घरी जेवायला बसली तरी सासऱ्यांनी हाक मारली का, हे ऐकत जेवते. त्या दोन दिवसांत तिचा नवरा रजा घेऊन वडिलांपाशी थांबला. ती गावाबाहेर गेली म्हणूनच तो थांबला. घरी असती तर थांबला नसता.

हरिपूरकर :
हे मी धरलं नव्हतं. तो रजा घेऊन थांबला हे फार चांगलं झालं.

तरी वांग्यांचं म्हणणं मागं घेत नाही. थंडीत चांगली येतात. तेव्हा दोघी हरिपूरला या. भरीत घरची मंडळी करतील, भाकरी मी.

विश्रामबागकर :
येऊ. तिच्या नवऱ्याला त्या दिवशीही रजा घ्यायला लावते. आणि फेब्रुवारीत परत महालक्ष्मी, या वेळी फक्त माटुंगा.