गिरणीची शेड पाडायची की गाळे काढायचे?

शिलाईवाला, सांगली
काल इथं एकानं लिहिलं, "बंद गिरणीची शेड म्हणजे भंगार. पाडा, मॉल बांधा, सांगली पुढं जाईल." अहो, त्या शेडमध्ये कधी पाऊल टाकलंय का? करवतीच्या दात्यांसारखं छप्पर, प्रत्येक दात्याची काच उत्तरेला. दिवसभर सारखा उजेड, पण ऊन अंगावर येत नाही. तुटलेला धागा दिसावा म्हणून केलेली सोय ती. मला सुई ओवायला तेच पाहिजे. आडोसे घालून दहा बाय बाराचे गाळे काढा आणि भाडं झेपेल असं ठेवा. विश्रामबागेत मला 11 हजार भाडं आणि 3 लाख अनामत सांगितली. मी परकर शिवतो, सोनं विकत नाही.

कुपवाडचा बाळू
उजेड बघितला, वरचा पत्रा बघितला का? सिमेंटचा जुना पत्रा आहे, अ‍ॅस्बेस्टॉसचा. फोडला की धूळ थेट फुफ्फुसात. मी पंधरा वर्षं पत्र्याचीच कामं करतोय. वायरिंग नवं, संडास नवे, आगीचा दाखला वेगळाच. मुंबईत कमला मिलच्या आवारात 29 डिसेंबर 2017 ला 14 जण गेले. ती पण जुनी गिरणीच.

शिलाईवाला, सांगली
तिथं गच्चीवर पब आणि हुक्का होता. इथं इस्त्री असणार.

कुपवाडचा बाळू
हो, इस्त्रीनं कधी आग लागतच नाही! पोरखेळ आहे का हा?

मिरजेची काकू
पत्रा, इस्त्री राहू द्या बाजूला. गाळा मिळणार कुणाला ते सांगा. आमच्या ह्यांनी सात वर्षं अर्ज केले. मिळाला त्यानं एक दिवस शटर उघडलं नाही. पोटभाडेकरू ठेवला, पागडी खिशात घातली. आम्ही अजून हातगाडीवर भांडी विकतोय. 2014 चा फेरीवाला कायदा कागदावर लई गोड आहे.

नदीकाठचा
सगळे मूळ मुद्दा विसरताय. पूर! पावसाळ्यात माल पाण्यात गेला तर भरून कोण देणार?

शिलाईवाला, सांगली
2019 च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला 57 फुटांच्या वर पाणी होतं. माझं दुकान गळ्यापर्यंत बुडालं. कापडाचे गठ्ठे ट्रॅक्टरवर टाकून त्याच शेडमध्ये नेले. वॉचमननं काही न विचारता फाटक उघडलं. यंत्रं फिरवणाऱ्या जुन्या लोखंडी दांड्यावर, शाफ्टवर, आठ दिवस परकर वाळत होते. शेडमध्ये थेंबभर पाणी आलं नाही. पुराचं मला सांगू नका.

नदीकाठचा
एकदा नाही आलं म्हणून कधीच येणार नाही? खाली कर्नाटकात कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाची उंची 519.60 वरून 524.256 मीटर झाली की पाणी मागं तुंबतं का नाही बघा.

कुपवाडचा बाळू
आली अलमट्टी! 2019 च्या पुराचा अभ्यास करणाऱ्या सरकारी वडनेरे समितीनं स्पष्ट म्हटलंय, पूर अलमट्टीमुळं नाही. अतिवृष्टी आणि नदीकाठची अतिक्रमणं.

नदीकाठचा
समितीवाले आमच्या माडीवर राहिले होते का? पाणी उतरायला किती दिवस लागले ते आम्ही मोजलेत. तुम्ही कुपवाडला कोरडे बसून शहाणपण शिकवताय.

कुपवाडचा बाळू
कोरडा? तुमच्याच गल्लीत बोटीतून दूध वाटत होतो मी! आणि वरच्या कोयना धरणातून वेळेत पाणी सोडलं असतं तर…

नदीकाठचा
आता कोयना! म्हणजे आधी सोडलं असतं तर आमची रोपं आधी बुडाली असती, एवढंच.

मिरजेची काकू
धरणं नंतर फोडा. गाळ्यांचं बोला.

कुपवाडचा बाळू
बरं, शेडमध्ये पाणी आलं नाही, मान्य. तुमच्या परकरांनी सिद्ध केलं म्हणायचं. पण पत्रा उतरवल्याशिवाय मी तिथं माझ्या पोराला शिरू देणार नाही. भिजवून, न फोडता, एकेक बोल्ट काढून उतरवावा लागेल. काचा ठेवा, उजेड खरंच चांगला आहे.

शिलाईवाला, सांगली
एवढं कालच बोलला असता तर रात्री झोपलो असतो.

मिरजेची काकू
आणि ज्याच्या नावावर गाळा, त्यानंच त्यात बसायचं, हे करारात लिहिणार का? त्यावर कुणीच बोलेना.