पाहुणा पक्षी दिसला, की लोकेशन लगेच टाकायचं का?

माळटिटवी

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात शिरूर तालुक्यातल्या एका पाझर तलावावर गेले होते. नाव मुद्दाम लिहीत नाही, का ते खाली कळेलच. सकाळचे पावणेसात. काठाला नेहमीच्या शेकाट्या, दोन-चार तुतवार, एक वंचक. आणि मधल्या पाण्यात बुलबुलाहून जरा लहान, करडा-पांढरा, डोळ्यामागे काळा पट्टा असलेला एक पक्षी. तुतवार काठाच्या चिखलात चरतात. हा चक्क पोहत होता. पोहत कसला, भोवरा फिरावा तसा एकाच जागी गरगर फिरत होता आणि प्रत्येक गिरकीत सुईसारखी चोच दोन-तीनदा पाण्याला टेकवत होता. त्या गिरकीने खालचं पाणी वर येतं आणि त्याबरोबर बारीक किडे वर येतात. पुस्तकात वाचलं होतं, डोळ्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. रेड-नेक्ड फॅलारोप. उन्हाळ्यात आर्क्टिकच्या टुंड्रात घरटी करणारा आणि हिवाळा अरबी समुद्रावर काढणारा. देशावरच्या तलावात उतरला म्हणजे बिचारा वाट चुकला असणार.

मी आनंदाच्या भरात व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकला, वर नकाशावरच्या जागेची पिनही. ग्रुपवर तीनशे माणसं.

रविवारी परत गेले तर बांधाला अकरा गाड्या. एक जण बूट काढून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात शिरला होता, कारण त्याला उडत्या पक्ष्याचा ‘फ्लाइट शॉट’ हवा होता. दुसऱ्याने ड्रोन उडवला. तलावाला लागून ज्वारीचं रान आहे, नुकती दोन पानांवर आलेली. गाड्या वळवायला जागा नाही म्हणून चाकं त्यात गेली. रानाचे मालक आजोबा तिथेच उभे होते. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “पाखरू बघायला आलाय, बघा की. पण आपला पाय कुठं पडतोय ते कोन बघायचं?” मला मान वर करता येईना.

सोमवारी पक्षी दिसला नाही. एरवीही गेलाच असता कदाचित. पण मी ठरवलंय, यापुढे असा पक्षी दिसला तर नोंद तारखेनिशी करीन, पिन मात्र पक्षी गेल्यावरच. तुमचं काय मत?

---

दुर्बीणवाला

ताई, वाईट वाटलं वाचून, पण निष्कर्ष साफ अमान्य.

मी नोकरी करून रविवारी पक्षी बघणारा माणूस. माझी ना कोणत्या संस्थेत ओळख, ना कोणा मोठ्या फोटोग्राफरशी. पहिली दोन वर्षं दर सोमवारी फेसबुकवर बघायचो, की माझ्या घरापासून तीस किलोमीटरवर काहीतरी भारी दिसलं होतं आणि ते ‘काही मित्रांनी’ पाहिलं. विचारलं की उत्तर ठरलेलं, “पक्ष्याच्या हितासाठी लोकेशन देत नाही.” पण त्याच पक्ष्याचे फोटो पुढच्या आठवड्यात आठ वेगवेगळ्या लोकांच्या भिंतीवर!

लोकेशन लपवलं म्हणजे ते लपत नाही हो. ते फक्त ओळखीत फिरतं. आणि ज्यांच्यात फिरतं त्यांच्याकडेच लांबलचक लेन्सा आणि ‘मला हाच अँगल हवा’ हा हट्ट असतो. तुमच्या तलावात पँट दुमडून शिरलेला माणूस नवखा होता, की ग्रुपमधला जुनाजाणता? खरं सांगा.

---

खाडीकाठ

सहाशे मिलिमीटरची लेन्स लांबूनच फोटो काढता यावा म्हणून घेतात ना? मग ती घेतलेला माणूसच सगळ्यांच्या पुढे का असतो, हे कोडं ऐरोलीच्या खाडीवर मला गेली कित्येक वर्षं पडलेलं आहे.

---

माळटिटवी

@दुर्बीणवाला, जुनाजाणता होता. नाव सांगणार नाही.

---

नोंदवही

दोन गोष्टींची गल्लत होतेय. लोकेशन नोंदवणं वेगळं आणि ते त्याच क्षणी जाहीर करणं वेगळं. पहिल्यात तडजोड नको.

लोकेशन चुकलं की काय होतं याचं उदाहरण आपल्या घरातलंच आहे. रानपिंगळा, म्हणजे आपल्याकडचं एक दुर्मिळ छोटं घुबड. १८८४ नंतर त्याचा एकही विश्वासार्ह नमुना मिळाला नव्हता. मधे मायनर्ट्‌झहागन नावाच्या ब्रिटिश कर्नलने १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ मिळवल्याचा नमुना दाखवला होता, त्यामुळे लोक तिकडे शोधत राहिले. पुढे अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तपासून सिद्ध केलं की तो नमुना दुसऱ्याच कोणाचा, जुना, चोरलेला आणि नवं लेबल लावलेला होता. मग त्यांनी खोट्या जागा बाजूला काढून अस्सल नमुने मिळालेल्या जागीच शोध घेतला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा दिवसाढवळ्या झाडावर बसलेला सापडला. ११३ वर्षांनी! एका माणसाच्या खोट्या लेबलापायी किती जणांचे किती हिवाळे फुकट गेले असतील.

म्हणून ‘पुणे जिल्हा’ असं गुळमुळीत लिहून सोडून देऊ नका. ई-बर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या जागतिक संकेतस्थळावर, नेमकी जागा टाका, पण आठ-पंधरा दिवसांनी टाका. यादीवर तारीख पक्षी पाहिल्याचीच राहते, कोणाचं काही अडत नाही. काही संवेदनशील जातींची नेमकी जागा तर ई-बर्ड स्वतःच लोकांपासून झाकून ठेवतं. आणि दुर्मिळ नोंद टाकलीत की तपासणारा स्वयंसेवक तपशील मागतो, तेव्हा चिडू नका. “मला माहितेय मी काय पाहिलं” हा तपशील नसतो.

---

रायगडकर

फॅलारोप दोन दिवसांचा पाहुणा. आमच्याकडे पावसाळ्यात काय चालतं ते बघायला या एकदा.

तिबोटी खंड्या. तळहातावर मावेल एवढासा, पोट पिवळं, पाठ निळी-जांभळी, चोच लालभडक. जूनच्या पावसाबरोबर येतो आणि ओढ्याच्या मातीच्या कड्यात बीळ खणून अंडी घालतो. पिल्लं झाली की आईबाप सरडे, खेकडे, बेडूक आणतात. बिळात शिरण्याआधी समोरच्या फांदीवर क्षणभर थांबायची त्यांची सवय आहे. आता लोक काय करतात, ती फांदी काढतात आणि त्यांना पाहिजे तिथे, मागे हिरवं दिसेल अशी, शेवाळ चढलेली देखणी काटकी रोवतात. समोर कापड लावून आठ-दहा जण बसतात. मी एकदा घड्याळ लावून पाहिलं, चोचीत पाल घेऊन आलेली मादी पंचवीस मिनिटं पलीकडच्या वेलीवर बसून होती. आत पिल्लं ओरडत होती, आम्हाला ऐकू येत होती.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ काढून ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या वाचा. पक्ष्यांची अंडी वा घरटी विचलित करणं त्यात येतं. कॅमेऱ्याने केलं म्हणून सूट नाही. तेव्हा माझं मत एका ओळीत: घरट्याचं लोकेशन कधीच नाही. ना आज, ना पंधरा दिवसांनी, ना जिवलग मित्राला.

---

दुर्बीणवाला

घरट्याबाबत पूर्ण सहमत, त्यावर वादच नाही. पण धागा भरकटलेल्या पक्ष्यांचा आहे, घरट्याची काठी घेऊन त्यांनाही बडवू नका.

आणि प्रसिद्धीने नेहमी वाटोळंच होतं असं कुठंय? भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित (फ्लेमिंगो) बघायला गाड्या लागतात, म्हणून मासेमारी करणाऱ्या घरांना होड्यांचं हंगामी उत्पन्न मिळालं. आज तिथला नावाडी दोनशे मीटरवरून पट्टकादंब ओळखतो. नागालँडमधलं पांगती घ्या. २०१२ मध्ये तिथे दोयांग धरणापाशी अमूर ससाण्यांची जाळी लावून प्रचंड कत्तल झाली. ती बातमी जगभर झाली आणि पुढच्याच वर्षी गावाने शिकार थांबवली. ससाण्यांना उपग्रह-टॅग लावले, त्यातल्या एकाचं नावच पांगती ठेवलं. जागा गुप्त राहिली असती तर आजही जाळी लागली असती. लोणावळ्याला नोव्हेंबरात आपण ज्यांच्या मागे धावतो ना, तेच हे.

---

बांधावरचा

भिगवणचं उदाहरण गोड आहे, पण त्यात एक मेख आहे. तिथे होडी नावाड्याची आणि पैसेही नावाड्याचे. पाझर तलावाशेजारच्या आजोबांना काय मिळालं? चाकोऱ्या.

मी पक्षी बघत नाही. बायको बघते म्हणून धागा वाचतोय. पण शेतकऱ्याचा पोर आहे. दोन पानांवरच्या ज्वारीत चाक गेलं की ते ताट परत उभं राहत नाही. रब्बीची ओल एकदाच मिळते, पुन्हा पेरायची तर ओल कुठून आणणार? आणि शहरातून आलेला माणूस बघतो तेव्हा त्याला ते ‘गवत’ दिसतं. अहो, मी हे कानांनी ऐकलंय: “गवतच आहे, घे वळवून.”

लोकेशन टाकणाऱ्याने आधी जमीन कोणाची, हे विचारलं होतं का? पिन पक्ष्याची नसते, कोणाच्या तरी रानाची असते.

---

माळटिटवी

नाही विचारलं. तलाव सरकारी, एवढाच विचार केला होता.

---

केंटकर

इंग्लंडमधून लिहितोय, इथे हा छंद फार जुना आणि फार वेडा आहे. आमच्या केंटमध्येच फेब्रुवारी १९८९ मध्ये मेडस्टोनजवळच्या एका सुपरमार्केटच्या आसपास अमेरिकेतला गोल्डन-विंग्ड वॉर्ब्लर सापडला होता. ब्रिटनमधली पहिलीच नोंद. हजारो माणसं आली, पार्किंग भरलं, लोकांच्या बागांच्या कुंपणावर दुर्बिणी टेकल्या. इथली जुनी मंडळी अजून तो किस्सा सांगतात.

पण त्यातून इथे काही रीती रुजल्या, त्या मला आवडतात. पक्षी कोणाच्या खाजगी जागेत असेल तर सापडवणारा आधी मालकाशी बोलतो. मालक नाही म्हणाला तर बातमी बाहेर जात नाही, किंवा पक्षी गेल्यावर जाते. हो म्हणाला तर बातमीतच लिहिलेलं असतं: गाडी अमुक ठिकाणी लावा, अमुक फाटकाच्या आत जाऊ नका, आठच्या आधी येऊ नका. आणि बऱ्याचदा फाटकाशी एक बादली ठेवलेली असते. बघायला येणारा त्यात पैसे टाकतो, ते गावच्या चर्चला किंवा मालक सांगेल त्या कामाला जातात. सगळे शहाण्यासारखे वागतात असं मुळीच नाही, कुंपणं इथेही मोडतात. पण बादली असते.

---

दुर्बीणवाला

बादली मान्य! मारुतीच्या देवळापाशी ठेवू.

---

उगाच_कशाला

एवढा ऊहापोह कशासाठी? वाट चुकलेला पक्षी असाही मरणारच असतो. चार दिवस चार लोकांनी बघितला तर काय बिघडलं? उलट कोणी पाहिलाच नसता तर मेला हेही कळलं नसतं.

---

नोंदवही

‘मरणारच असतो’ हे फार ठोकून सांगितलं जातं. अनेक मरतात, खरं आहे. पण स्टेलर्स सी ईगलचं उदाहरण पाहा. कामचाटका आणि ओखोत्स्क समुद्राच्या किनाऱ्यावरचा हा दांडगा गरुड २०२० मध्ये अलास्काच्या आतल्या भागात दिसला, मग २०२१ मध्ये थेट टेक्सासात, मग कॅनडाच्या पूर्वेला, डिसेंबरात मॅसॅच्युसेट्सच्या टॉन्टन नदीवर आणि तिथून मेनमध्ये. पिसांवरच्या पांढऱ्या खुणा जुळवून लोकांनी ओळखलं की हा तोच आहे. हिवाळ्यामागून हिवाळा तो मजेत मासे खात होता. बोस्टनचा माझा आतेभाऊ ऑफिसला दांडी मारून बघायला गेला होता, त्याला पक्ष्यांतलं ओ की ठो कळत नाही.

दुसरं, आणि हे माळटिटवीताईंनाही. तुमचा फॅलारोप वाट चुकलेला होता असं मला वाटत नाही. उत्तरेकडून अरबी समुद्राकडे जाणारे हे पक्षी वाटेत जमिनीवरूनच येतात, मधल्या पाण्यावर पोट भरायला उतरतात आणि पुढे जातात. आपल्याला क्वचित दिसतात, एवढंच. म्हणजे तो मरायला टेकलेला नव्हता, प्रवासात जेवायला थांबला होता. पाण्यात शिरून ज्याने त्याला चार वेळा उडवलं, त्याने त्याला जेवत्या ताटावरून चार वेळा उठवलं.

---

रायगडकर

+१. शिवाय हा पक्षी माणसाला फारसा बुजत नाही, काठाला शांत बसलात तर आपणहून जवळ येतो. पाण्यात शिरायची गरज काय होती?

---

उगाच_कशाला

बरं बाबा, मागे घेतो. तरी ड्रोनवाल्याचं कोणी काहीच बोललं नाही.

---

खाडीकाठ

ड्रोनवाल्यावर बोलायचं तर हा धागा संपादकांना बंद करावा लागेल.

---

माळटिटवी

काल तलावावर पुन्हा गेले होते, दुर्बीण न घेता. आजोबा भेटले. ज्वारीच्या दोन काकऱ्या गेल्यात, बाकी रान बरं आहे. पैसे काढले तर घेईनात. म्हणाले, “दरसाल येतंय का ते पाखरू?” म्हटलं, माहीत नाही, आलं तर ओळखायचं कसं ते सांगते. मोबाइलवरचा गिरकी घेतानाचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी तीनदा बघितला आणि नातवाला हाक मारली. नातवाने नंबर घेतलाय. पुढच्या वर्षी दिसलं तर फोन करतो म्हणाला. मग गाड्या किती आणि कुठे लावायच्या, ते आजोबा सांगतील आणि बातमीत तेच पहिल्या ओळीत असेल.

दुर्बीणवाला, पहिला फोन तुम्हाला. एसटीने यायचं मात्र.

---

दुर्बीणवाला

एसटी कबूल. एक विचारायचं राहिलं, पाठीवर पिवळसर पट्टे होते का हो?

---

माळटिटवी

होते, ठळक. म्हणजे यंदाचंच पिल्लू. जूनमध्ये अंड्यात होतं ते.