मदत हवी: भाताची चिखलणी आणि रताळी, दोन्हीला चालेल असा मिनी ट्रॅक्टर कुठला?

नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आमची तीन एकर शेती. खाली भाताची खाचरं, वर लाल मातीत रताळी. बैलजोडी आता परवडत नाही. भाड्याचा मोठा ट्रॅक्टर ऐन रोपलावणीत मिळत नाही, मिळाला तर वळताना बांध फोडतो आणि कोपरे तसेच सोडून जातो. ते कोपरे आई आणि काकू कुदळीनं खणतात. यापुढं हे मला बघवत नाही.

राजकोटच्या कॅप्टनचा २०० डीआय मनात आहे. २० एचपी, एकच सिलिंडर. दोघा भावांनी १९९४ साली सुरू केलेली घरची कंपनी, आणि सगळा जीव छोट्या ट्रॅक्टरात, हे मला आवडतं. काका म्हणतात, बंगळूरची व्हीएसटी आपल्या राज्यातली, तिचा १८.५ एचपीचा तीन सिलिंडरवाला घे. त्यांचे पॉवर टिलर गावोगाव आहेत, सामान अडणार नाही.

चिखलात रोटर (मागं जोडायचं, फिरत्या पात्यांचं माती घुसळणारं अवजार) फिरवताना एक सिलिंडर दम धरतो काय? फोर व्हील, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ओढ असलेला, घ्यायलाच पाहिजे काय? रताळ्याच्या वरंब्यांमधनं वेल न तुडवता जाता येतं काय? वेल पसरायच्या आधीची एक भांगलण जरी निघाली तरी पुष्कळ. उतारा अजून आजोबांच्या नावावर आहे, रयत संपर्क केंद्रात (कृषी खात्याच्या इथल्या कार्यालयात) अनुदानाचा अर्ज कुणाच्या नावानं करू?

प्रतिसाद, बेळगाव तालुक्यातून:

भाऊ, सिलिंडरवर अडू नका. चिखलणीत इंजिनाआधी चाकं हरतात. टू व्हीलची पुढची चाकं नुसती ढकलली जातात, मऊ जागी ट्रॅक्टर नाक खाली घालतो. फोर व्हीलची तीच चाकं ओढतात. चिखल खोल असेल तर जास्त पैसे घालून फोर व्हीलच घ्या, मागं केज व्हील (चिखलात रुतू नये म्हणून लावायची लोखंडी जाळीची चाकं) लावा. रोटर रुंद घेऊ नका, पीटीओवर (अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्यावर) मिळणारी ताकद इंजिनाच्या एचपीपेक्षा कमीच असते. मागच्या चाकांच्या खुणा झाकल्या म्हणजे बस्स. वरंब्यांसाठी चाकांमधलं अंतर आधी मोजा आणि सऱ्या त्या मापानं काढा.

अनुदान हवं असेल तर ट्रॅक्टर आधी आणू नका, मंजुरीनंतरच घ्या, तोही सरकारी यादीतलाच. पहिल्यांदा उताऱ्यावर वारसा लावून फ्रूट्स क्रमांक (कर्नाटकातला शेतकरी नोंदणी क्रमांक) काढा. आणि डेमो डीलरच्या दारात बघू नका, पाऊस पडल्यावर तुमच्याच खाचरात द्यायला लावा.